बत्तीस फुटांचा रूळ

धाकटे एकसष्ट वर्षांचे झाले, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सगळ्या बाजारात ते धाकटेच राहिले. त्याला इलाजच नव्हता. शेजारी दादा उभे असले की दुसऱ्या कुणाला मोठं होता येत नसे. दादा नऊ वर्षांनी मोठे. उंच, ताठ, आणि आवाज असा की न ओरडता वर्कशॉपच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचावा. वडील गेले तेव्हा धाकटे शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. दादांनी त्यांना परीक्षेला बसवलं, निकालाचा कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं नापास झालास. मला एकट्याला शटर उचलत नाही."

एवढ्या वाक्यात धाकट्यांचं आयुष्य ठरलं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका भिंतीला लोखंडी पट्ट्या, अँगल, पाइप लांबीप्रमाणे रचलेले, दुसऱ्या भिंतीला गॅसची नळकांडी साखळीने बांधलेली. मधे जमिनीवर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेले काळे ठिपके. सुरुवातीला दोघं भाऊ गेट करायचे, ट्रॉल्या दुरुस्त करायचे. मग दादांच्या डोक्यात पट्टा करवतीची फिरती गिरणी शिरली. पडलेलं झाड क्रेन लावून, ट्रक लावून गिरणीत न्यायचं, यात लोकांचा जीव मेटाकुटीला येतो आणि निम्मी झाडं जागीच कुजतात. दादा म्हणाले, "झाड येत नाही ना? मग गिरणी जाईल."

अशा सहा गिरण्या त्यांनी बनवल्या. रचना दिसायला सोपी. खाली दोन समांतर रूळ, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. ओंडका त्यावर ठेवून शिकंज्यात आवळायचा. रुळांवरून चार छोट्या चाकांवर एक गाडा चालतो. त्या गाड्यावर दोन मोठी चाकं, त्यांच्याभोवती दात असलेला पोलादी पट्टा, आणि वर पेट्रोलचं इंजिन. गाडा ढकलत नेला की फिरता पट्टा ओंडक्यातून लोण्यातून सुरी जावी तसा जातो. सगळ्याखाली आस आणि दोन टायर, की जीपमागे अडकवून कुठंही न्या.

पण खरी गंमत रचनेत नाही, जुळवणीत आहे. दोन्ही मोठी चाकं एका पातळीत हवीत. एखादं सुताएवढं कललं तरी पट्टा धावता धावता निसटतो. पट्ट्याचे दात चाकाच्या कडेबाहेर जेमतेम डोकावले पाहिजेत. पट्टा सैल तर लाकडात नागमोडी जातो, फार ताणला तर तडकतो. ही सगळी कामं धाकट्यांची. पट्ट्याला बोट लावून, इंजिन बंद-चालू करून, स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करत ते तासन् तास बसायचे. दादा गमतीने म्हणायचे, "अरे, तिचं लग्न लावतोयस की काय? किती समजूत काढशील?"

रूळ मात्र दादांचे. कारण रूळ वाकडा, तर वरचं सगळं वाकडं.

त्याची त्यांची एक पद्धत होती. रूळ जोडून झाले की ते जमिनीवर पोतं टाकायचे, पालथे व्हायचे, गाल रुळाला टेकवायचे आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे. त्या वेळी पडदा उघडण्याआधीची शांतता पसरायची. गिऱ्हाईक बोलत असेल तर धाकटे त्याला हाताने गप्प करायचे. मग दादांचा आवाज यायचा, "सात फुटांवर. एक मिलिमीटर वर." धाकटे तिथं खडूची खूण करायचे. दादा गॅसची ज्योत घेऊन उंचवट्याच्या माथ्यावर नाण्याएवढी लाल टिकली पाडायचे आणि ओलं फडकं दाबायचे. तापलेलं लोखंड निवताना आक्रसतं, रूळ ओढला जातो आणि उंचवटा बसतो. एक टिकली, फार तर दोन. लोक हे बघायला मुद्दाम यायचे. दोरी, पट्टी, लेव्हल यांना दादांनी कधी हात लावला नाही. "दोरी नवशिक्यांसाठी," ते म्हणायचे. धाकट्यांना मात्र त्यांनीच दोरी शिकवली होती. दोन टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे, वर दोरी ताणायची, टिचकी मारायची. टण्ण वाजली की ती सरळ, मग तिच्याशी वाद नाही.

सातवी गिरणी होडीवाल्याची.

होडीवाला म्हणजे गोल पोटाचा, बोलका, दादांच्याच वयाचा माणूस. आल्या आल्या खुर्ची ओढून बसला. "मला होडीचा कणा कापायचाय. एकसंध. बत्तीस फूट. लाकूड पाण्याकाठी पडलंय, तिथवर ट्रक वळत नाही. तुमची गिरणी केवढी लांब होते?"

"आजवर अठरा," धाकटे म्हणाले.

"बत्तीस करू," दादा म्हणाले.

"दादा, कणा वाकडा निघाला तर होडी गोल गोल फिरेल हं. मी म्हातारा माणूस, मला चक्कर येते."

"तुला पायीसुद्धा चक्कर येते. त्यात माझा काय दोष?"

दोघं हसले. काम ठरलं.

रूळ दोन तुकड्यांत केले, मधे बोल्टने जोडायचे, म्हणजे वाहून नेता येतील. धाकट्यांनी तुकडे जागी धरायला वेल्डिंगचे बारीक टाके मारले, दादांनी पुरं वेल्डिंग केलं. मग एका शनिवारी दादा पोत्यावर पालथे झाले. या वेळी त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दोनदा डोळे चोळले.

"मधे पोट आलंय," ते म्हणाले. "पंधरा फुटांपासून अठरा फुटांपर्यंत. चांगलं तीन मिलिमीटर."

धाकट्यांनी खूण केली. खूण करताना तळहात रुळावरून फिरवला, सवयीनं. हाताला काही लागलं नाही. पण हात काय, हाताला घट्टे पडलेत, असं म्हणून त्यांनी खडू खाली ठेवला. दादांनी तीन टिकल्या पाडल्या.

दुपारी दादा जेवायला आणि डुलकी काढायला घरी गेले. धाकट्यांनी गाडा सहज रुळावर चढवून ढकलला. गाडा मधे गेला, पुढं जाऊन हलकेच मागं आला आणि मधेच थांबला. धाकटे बघत राहिले. मग शटर अर्धं ओढून त्यांनी ठोकळे काढले आणि दोरी ताणली. मधे खळगा होता. तीन मिलिमीटर. दादांनी जेवढं पोट सांगितलं होतं, बरोबर तेवढाच.

म्हणजे रूळ आधी सरळ होता.

म्हणजे दादांनी सरळ रूळ बघितला, त्यांना तो वाकडा दिसला, आणि आपल्या कसबी हाताने त्यांनी तो नेमका तेवढाच मोडला.

धाकटे खाली बसले. पाणी प्यायले. मग रुळाखाली सरपटत गेले, खालच्या अंगाला तीन टिकल्या पाडल्या, फडकं दाबलं. दादा परत आले तेव्हा रूळ दोरीसारखा सरळ होता आणि धाकटे चाकांपाशी बसून स्क्रू फिरवत होते.

पुढच्या शनिवारी दादा पुन्हा पालथे झाले. "परत वर आलं की रे. लोखंड मोठं हट्टी." पुन्हा टिकल्या, वरून. दुपारी पुन्हा टिकल्या, खालून.

हे असं किती दिवस चालावं? आठवड्यामागून आठवडे गेले. सकाळी मोठा भाऊ वाकवायचा, दुपारी धाकटा सरळ करायचा. मधल्या वेळात धाकट्यांनी गाडा पुरा केला. चाकांच्या खोबणीत रबरी पट्टे बसवले, म्हणजे पोलाद पोलादावर घासू नये. पट्ट्यावर थेंब थेंब पाणी पडायला डबा टांगला, म्हणजे लाकडाचा चीक धरू नये. पट्टा खाली दाबणारे दोन रोलर लावले. सगळं जागच्या जागी बसलं. फक्त रूळ बसेना, आणि का बसेना हे एकाच माणसाला माहीत होतं.

एका संध्याकाळी दादांच्या घरी, दादा अंघोळीला गेलेले बघून धाकटे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. वहिनी भांडी पुसत होत्या.

"वहिनी, दादाचे डोळे..."

"तुम्हालाही दिसलं?" त्यांनी फडकं खाली ठेवलं. "पाणी ओततात ते पेल्याच्या बाहेर. पेपर हातात धरतात आणि मला म्हणतात, वाच, मला कंटाळा आलाय. आणि माझ्याकडे हल्ली तिरकं बघतात. लग्नाआधी बघायला आले होते तेव्हासुद्धा असं चोरून बघितलं नव्हतं."

"तुम्ही सांगा ना डॉक्टरकडे जायला."

"मी सांगितलं की म्हणतील, आधी तुझी जीभ दाखव डॉक्टरला. तुम्ही सांगा, भाऊजी. तुमचं ऐकतात."

"माझं? माझं एकदाच ऐकलंय त्यानं. मी जन्मलो तेव्हा रडलो ते."

वहिनी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला. "चाळीस वर्षं लोक त्यांचा डोळा बघायला येतात. त्या माणसाला कसं सांगायचं?"

नळ ठिबकत होता. शेवटी धाकटे म्हणाले, "ही गिरणी जाऊ दे. होडीवाल्याचं काम त्याच्या नावाला साजेसं होऊ दे. मग सांगू."

"बरं," वहिनी म्हणाल्या. बाथरूमची कडी वाजली तशी त्या पुन्हा भांडी पुसू लागल्या.

दहाव्या शनिवारी दादा जेवायला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. धाकटे रुळाखाली होते. वर दोरी ताणलेली. शटरखालून आधी दादांच्या चपला दिसल्या.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. सहज."

"दोरी? माझ्या रुळावर?"

धाकटे बाहेर सरपटत आले, कपडे झटकत उभे राहिले. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण चेहरा निकालाच्या दिवसाचा. "होडीवाला येणार आहे ना उद्या. म्हटलं एकदा..."

दादांनी त्यांना हाताने बाजूला केलं. पोतंही न टाकता खाली बसले, वाकले, दोरीच्या रेषेत डोळा नेला. बराच वेळ बघितलं.

"दोरी सैल आहे तुझी," ते म्हणाले. "मधे वर उचललीय."

सैल दोरी खाली लोंबते, वर उचलली जात नाही, हे या शेडमध्ये दोघांनाही ठाऊक होतं. दादांनाही बोलल्यावर ते कळलं असावं. त्यांनी हात पुढं केला, चाचपडत दोरी शोधली आणि टिचकी मारली.

टण्ण.

स्वच्छ, उंच, ताणलेल्या दोरीचा आवाज. दादांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तोच. मग बोटाच्या पेराने दोरी धरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, रुळाच्या कडेने, गुडघ्यांवर, बत्तीस फूट. परत आले. पुन्हा डोळा लावला. बाहेर रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली, तेवढाच काय तो आवाज.

"छोट्या," ते म्हणाले. हे नाव त्यांनी कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. "दोरी ताणलेली आहे ना?"

"हो, दादा."

"मग मला ही वाकडी का दिसतेय?"

त्याच संध्याकाळी दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ. त्यांनी आडव्याउभ्या रेषांच्या चौकटींचा एक कागद दादांपुढे धरला. "आजोबा, मधल्या ठिपक्याकडे बघा. रेषा सरळ आहेत?"

"मधे फुगल्यात. आणि ठिपका कुठाय?"

थेंब घातले, यंत्रं लावली. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या ऐन मध्यावर, जिथून माणूस सरळ बघतो तिथंच, बिघाड होता. उजवा जास्त, डावाही सुरू झालेला.

"रेषा वाकड्या कधीपासून दिसतात?"

"आजच कळलं," दादा म्हणाले.

धाकटे भिंतीपाशी स्टुलावर बसले होते. त्यांना गप्प बसता आलं असतं. "दोन महिने होऊन गेले," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "दोन महिने? तेव्हाच आला असतात तर बरीच नजर राखता आली असती हो. या दुखण्यात आठवडे मोजावे लागतात. आता गेलं ते परत नाही येणार. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू."

दादांनी मान वळवली. तिरकी, धाकट्यांच्या कानाशेजारी कुठंतरी बघितलं.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या न्हाव्याने नेहमीप्रमाणे आतून हात केला, दादांना दिसला नाही, धाकट्यांनी दोघांच्या वतीने केला. पुलापाशी दादा थांबले, कठड्याला हात लावला.

"किती वेळा?"

"दहा."

"दहा वेळा मी वाकवला आणि दहा वेळा तू सरळ केलास."

"हो."

"आणि मी दर वेळी घरी येऊन हिला सांगत होतो, लोखंडात काहीतरी खोट आहे." त्यांनी कठड्यावरून बोट ओढलं. "एकदा सांगायचं होतंस रे."

आवाजात राग नव्हता. असता तर धाकट्यांना सोसला असता. उभ्या आयुष्यात त्यांनी दादांचा राग पोटभर खाल्ला होता, तो पचायचाही. हे पचणारं नव्हतं. दादांना दुखू नये म्हणून आपण तोंड मिटलं, आणि त्या मिटलेल्या तोंडाने दादांचा डोळा खाल्ला, हे त्यांना पुलावर उभं राहून पुरतं कळलं. "चुकलं, दादा," एवढंच ते म्हणाले, आणि गाड्यांच्या आवाजात ते दादांना ऐकू गेलं की नाही, तेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा वर्कशॉपला आले नाहीत. वहिनींकडून निरोप आला. दहा वेळा तापलेलं लोखंड होडीच्या कण्याखाली ठेवायचं नाही, तो रूळ काढून नवा घाल. धाकट्यांनी होडीवाल्याकडून आठवड्याची मुदत मागून घेतली. नवा रूळ घातला, टाके मारले, एकट्याने वेल्डिंग केलं. दोरी ताणली, टिचकी मारली, टोकांच्या ठोकळ्यांएवढ्याच जाडीचा तिसरा ठोकळा दोरीखालून सरकवत नेला. मग शेडमध्ये कुणी नाही असं बघून पोतं टाकलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यावर पालथे झाले.

गिरणी पाण्याकाठी गेली. चारही कोपऱ्यांचे जॅक फिरवून धाकट्यांनी ती समतळ केली, पट्टा ताणला, पाण्याचा नळ थेंबावर आणला. बत्तीस फुटी ओंडका शिकंज्यात आवळला. पहिली बाजू, पलटी, दुसरी, पलटी. चौथी बाजू निघाली आणि होडीवाल्याने कण्यावर आपली लांब लाकडी पट्टी आडवी धरून खालून उजेड शोधला. उजेड कुठंच नव्हता.

"याला म्हणतात दादांचा डोळा!" तो ओरडला. "कुठाय तो? आला का नाही?"

"घरी आहे," धाकटे म्हणाले. "सांगतो त्याला."

इंजिन बंद करून त्यांनी पट्टा सैल केला, नाही तर रबराला खड्डे पडतात. भुसा झाडला. हात धुतले. मग दादांच्या घरी गेले.

वहिनींनी दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे नुसती मान हलवली. दादांची खुर्ची नेहमी खिडकीपाशी असायची, रस्त्याकडे तोंड करून. आज ती भिंतीकडे वळवलेली होती. समोर कोरी, चुन्याची भिंत.

"गज बघवत नाहीत त्यांना," वहिनी हळूच म्हणाल्या. "खिडकीचे. स्वतः केलेत ना. म्हणतात, सगळे सापासारखे वळवळतात. भिंतीवर रेघ नाही, म्हणून तिकडे."

धाकट्यांनी एक स्टूल उचललं आणि दादांशेजारी ठेवलं. तेही भिंतीकडे तोंड करून बसले.

"कणा?" दादांनी विचारलं.

"सरळ. होडीवाल्याला खालून उजेड सापडला नाही."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादांचा डोळा."

"मग सांगितलं नाहीस त्याला?"

"नाही."

"पुन्हा नाही सांगितलंस." दादांनी नाकाने श्वास सोडला. ते हसणं होतं की काय, समजलं नाही. "रूळ कशावर बघितलास? दोरीवर?"

"दोरीवर. आणि..." धाकटे अडखळले. "मग पोतं टाकून बघितला."

"असं?" दादा खुर्चीत सरळ झाले. "काय दिसलं?"

धाकट्यांनी भिंतीकडे बघितलं. दादांना कसं सांगावं, हे ते रस्ताभर जुळवत आले होते. रूळ लांब लांब जातो, निमुळता होतो, शेवटी नुसती चमक उरते, असं काहीतरी. पण एवढ्या दिवसांनंतर त्यांच्या तोंडून आता खोटं निघेना.

"काहीच नाही दिसलं, दादा. गाल टेकवला आणि डोळे भरून आले. सगळा रूळ लपलप हलत होता. पुसले, पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. शेवटी उठलो आणि दोरीवरच भागवलं."

दादांचे खांदे हलायला लागले. "म्हणजे तुलाही वाकडाच दिसला!"

"वाकडाच."

दादा मोठ्यांदा हसले, तो जुना, शेडच्या मागच्या भिंतीपर्यंत जाणारा आवाज. स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं काहीतरी खाली पडलं. हसू मधेच तुटलं. दादांचा हात हवेत शोधत आला, धाकट्यांच्या खांद्याला चुकला, छातीला लागला, आणि मग दंडावर येऊन घट्ट बसला.

"उद्या ये," दादा म्हणाले. "नवीन काम काय आलंय ते सांग. जे असेल ते सगळं सांग."

"येतो," धाकटे म्हणाले, आणि उठले नाहीत.